सोडल्यावरही न सुटणारा ब्रेक

डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे ओढणारी वेगळी स्प्रिंग सहसा नसते. पेडल दाबले की कॅलिपरमधला चौकोनी छेदाचा रबरी सील पिस्टनबरोबर किंचित वाकतो. पाय काढल्यावर तो मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेतो. कॅलिपर स्लाइड पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅडही सैल पडतो. यांतले काही अडले की ब्रेक धरून राहतो.

अशी गाडी एका बाजूला ओढते, ॲव्हरेज घटते, चाकाजवळ जळका वास येतो. पसरणी घाट उतरून वाईत आलेल्या गाडीची पुढची दोन्ही चाके तापलेली असणे स्वाभाविक आहे. कराड ते पेठ नाका अशा सपाट रस्त्यावर, फारसा ब्रेक न मारता, एकच चाक तापले तर तो दोष समजावा. तापलेल्या डिस्कला हात लावू नये.

पुढची तपासणी गार गाडीवर करावी. सपाट जागी मागच्या चाकांना अडण लावून, गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवावी आणि चाक हाताने फिरवावे. पॅड किंचित घासल्याचा आवाज चालतो; चाक जड फिरणे चालत नाही. पेडल दाबून सोडावे आणि जड चाकाचा ब्लीडर निप्पल थोडा सैल करावा. चाक मोकळे झाले तर ब्रेक ऑइलचा दाब अडकला आहे. न झाले तर अडथळा कॅलिपरमध्ये आहे.

दाब एकाच चाकात अडकत असेल, तर बहुधा रबरी होस आतून फुगलेला असतो: जोराने ऑइल पुढे जाते, परत येत नाही. दोन्ही चाके धरत असतील, तर मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र किंवा बूस्टरच्या दांड्याची सेटिंग तपासावी.

कॅलिपरचा दोष पॅडची झीज सांगते. एकच पॅड जास्त किंवा तिरका झिजला असेल, तर आधी स्लाइड पिन पाहावेत. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत सांगलीत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. फाटक्या रबरी बुटातून असे गाळाचे पाणी शिरले की पिन गंजतात. पिन स्वच्छ करून ब्रेकसाठीचेच सिंथेटिक ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. पिन मोकळे असूनही पिस्टन मागे सरकत नसेल, तर सील किट बदलावे. पिस्टनवर गंजाचे खड्डे असल्यास पिस्टनही बदलावा.

शेवटी ऑइल. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. ओलावा धरल्यावर त्यासाठीची किमान मर्यादा 155 अंश आहे. धरलेल्या ब्रेकच्या उष्णतेने ते उकळले तर वाफ होते आणि पेडल तळाला जाते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत अशी गाडी घाटात घालू नये.