चेपलेला कोपरा

बाबांनी 1984 साली गन कॅरेज फॅक्टरीच्या बोनसमधून स्पीकरची जोडी घेतली. गुडघ्याएवढी उंच, सागवानी. निदान आम्ही चाळीस वर्षं तसंच समजत होतो. जूनमध्ये जुनं पॉलिश उतरवायला बसलो तेव्हा कळलं, साग नुसता वरवरचा. कागदाहून थोडं जाड विनियर, आत भुसा दाबून केलेला बोर्ड.

डाव्या स्पीकरचा एक कोपरा चेपलेला होता. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपुरात भूकंप झाला, तेव्हा तो स्टुलावरून पडला. भिंतींच्या भेगा बुजवल्या, रंग दिला. कोपऱ्याकडे कुणी पाहिलं नाही. मला तो आता नीट करायचा होता. चेपलेल्या लाकडावर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की वाफेने रेषा फुगून वर येतात, हे ऐकून होतो. लाकडाच्या बाबतीत ते खरं आहे. भुशाचा बोर्ड मात्र पाणी पिऊन पावासारखा फुगला आणि विनियरची कड उकलली. इस्त्रीलाही तपकिरी डाग पडले. त्याबद्दल घरात काय ऐकावं लागलं ते सोडून देतो.

शेवटी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठलं. त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अब इसको मत छेड़ो बाबूजी." घासायचं तर बारीक पॉलिश पेपरने, रेषेच्या दिशेने, चार हात, बस. जास्त घासलं तर साग संपेल. एका कडेला मी आधीच तो संपवून बसलो होतो, हे त्यांना सांगितलं नाही.

कमानिया गेटजवळून चपडा लाख आणली. मधाच्या रंगाच्या, काचेसारख्या पातळ पापुद्र्यांची. आमच्याच बाजूची असेल का, असं उगाच वाटून गेलं; मंडला-सिवनीकडे पळसाच्या नि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसतात. एक लिटर स्पिरिटात दीडशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजत घातला, तोही लोणच्याच्या बरणीत, कारण लोखंडी डब्यात लाख काळी पडते. घरभर वास. आई म्हणाली, "लाक्षागृह करून ठेवलंयस, आता देवापुढे निरांजन कुठे लावू?" बरणी आणि स्पीकर, दोन्ही मागच्या व्हरांड्यात गेले.

मलमलीच्या फडक्यात कापसाचा गोळा, त्यावर तेलाचा एक थेंब, आणि हात फिरता ठेवायचा. मध्येच थांबलात की फडकं तिथेच चिकटतं, आधीचा थर उचकटतं. आठवडाभरात हात बसला. सागाच्या रेषा आतून दिवा लावल्यासारख्या दिसू लागल्या आणि मी दोनतीन शेजाऱ्यांना मुद्दाम चहाला बोलावलं.

मग जुलै लागला. झडीच्या दिवसात हौसेने एक थर दिला आणि बघता बघता सगळं दुधाळ झालं, दमट हवेत आरसा धरावा तसं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि लाखेत अडकते. मिस्त्री फोनवर हसले. "दशहरे तक रुक जाओ."

थांबलो. ऑक्टोबरात कोरड्या उन्हाच्या दिवशी फडक्याला जेमतेम स्पिरिट लावून हलका हात फिरवला आणि पांढरेपणा निघून गेला. उकललेली कड फेविकॉलने बसवली. तिथे फेविकॉल बाहेर आला होता, त्यावर पॉलिश काही चढेना; नखाएवढा फिका डाग राहिलाय. कोपरा चेपलेला तो चेपलेलाच, वर माझ्या इस्त्रीची सूज.

स्पीकर जागेवर ठेवले, विविध भारती लावली. आईने दोन्ही नीट पाहिले, वास घेतला, "छान झालेत हो," म्हणाली. आत गेली आणि क्रोशाचे ते जुने दोन रुमाल आणून वर पसरले. धूळ बसते म्हणून. पुढे तर जाळीचं कापड आहेच. तीन महिने जिथे हात चालवला त्यातल्या आता दिसतात फक्त दोन बाजू, आणि डावीकडून आलात तर तो कोपरा.