तिसरा

आई म्हणते, तिने तिसऱ्याला पाहिलं. 26 ऑक्टोबर 1969, रविवार. चंद्रावर जाऊन आलेले तिघे मुंबईत आले होते. माहीमच्या आमच्या चाळीतल्या चौघीजणी रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. आईने टाचा उंचावल्या तोवर गाडी पुढे सरकलेली. दिसला तो एक कान आणि हलणारा हात. तो आर्मस्ट्राँगचा नाही, ऑल्ड्रिनचा नाही, कॉलिन्सचाच, हे तिने कशावरून ठरवलं?

कोजागरी नुकतीच होऊन गेली होती. त्या रात्री लक्ष्मी विचारत फिरते, को जागर्ति? कोण जागं आहे? लहानपणी मला या प्रश्नाची भीती वाटायची. झोपलो तर काहीतरी हातचं जाईल. आता वाटतं, विचारणारीच एकटी असावी. एवढ्या अंधाऱ्या खिडक्यांखालून जाताना कुणीतरी ओ द्यावी, इतकंच तिला हवं असेल.

कॉलिन्सने ओ दिली असती. दोघे खाली उतरले आणि तो जवळपास 28 तास, सुमारे 110 किलोमीटर उंचीवरून, एकटा फिरत राहिला. दर फेरीत 48 मिनिटं चंद्राच्या पाठीमागे, जिथे पृथ्वीचा आवाजही पोचत नाही. एकटं वाटलं नाही, असं त्याने लिहिलंय. धास्ती निराळी होती. खालच्यांना वर आणणारं इंजिन एकच. ते पेटलं नाही तर एकट्याने घरी परतायचं.

बाबा दुसऱ्या पाळीहून साडेबाराला यायचे. आम्ही उठू नये म्हणून आई दिवा न लावता दाराशी बसे. आधी लोकलचा आवाज, मग जिन्यावर पावलं. मधल्या वळणावर ते दम खायला थांबत. ते थांबणं ऐकलं की ती स्टोव्ह पेटवी, आणि त्या फरफर आवाजाने मी झोपेतच निर्धास्त कूस बदलायचो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पाळी संपली. बाबा शेजारीच झोपलेले असत, तरी साडेबारापर्यंत तिचा डोळा लागत नसे. यायचं कुणी राहिलेलं नसताना ती कुणासाठी जागी होती?

पुढच्या एका मोहिमेत चंद्रावर उतरायची वाट कॉलिन्सला मोकळी होती. तो गेला नाही. आईपुढे अशी वाट होती का? नव्हती, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. आता तसं छातीठोकपणे म्हणवत नाही.

परवा तिला विचारलंच, तो तिसराच कशावरून?

"कान दिसला ना मला. म्हणजे तोंड त्या दोघांकडे होतं."

एका गाडीतले तिघे एकमेकांकडे बघणारच. पण मी ते बोललो नाही. हल्ली तिला झोप कधी लागते, हेही विचारायचं राहून गेलं.