हे तुझंच आहे, टाकू का?

गेल्या दिवाळीत आईने माळा आवरायला काढला आणि मी लॅपटॉप. डिस्क फुल्ल होती आणि अंगात उत्साह संचारला होता. कॉलेजातले जुने ऑडिओ प्रोजेक्ट दिसले, पटापट उडवले. रिसायकल बिनही रिकामा केला. पण जागा काही होईना!

मग डोक्यात प्रकाश पडला. मास कॉमला असताना मी ऑडॅसिटीवर एडिटिंग करायचे. त्याच्या जुन्या व्हर्जनमध्ये प्रोजेक्टची फाइल एवढीशी असायची. खरा आवाज असायचा शेजारच्या 'डेटा' फोल्डरमध्ये, जेमतेम सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत. 2021 च्या 3.0 व्हर्जनपासून सगळं एकाच फाइलमध्ये आलं. माझे प्रोजेक्ट मात्र 2018 चे. म्हणजे मी नुसत्या अनुक्रमणिका फाडल्या होत्या, पुस्तकं जागेवरच.

म्हटलं, काय वैताग आहे! एक फाइल गेली तर तिचं गणगोत सॉफ्टवेअरने आपणहून आवरायला नको? विंडोजवर प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा, ॲपडेटात त्याचे अवशेष बऱ्याचदा राहतातच. मॅकवर ॲप ट्रॅशमध्ये ओढा, लायब्ररीत सेटिंग्ज तशीच!

चिडून सगळे फोल्डर सिलेक्ट केले, तेवढ्यात एकाचं नाव दिसलं. 'आजी_डेटा'.

रेडिओच्या असाइनमेंटसाठी मी आजीला बोलतं केलं होतं. 1982 च्या गिरणी संपात घर कसं चालवलं, ते सांगत होती ती. आजी आता नाही. सुदैवाने त्या रेकॉर्डिंगवर कापाकापी केली नव्हती. तुकडे वेळेनुसार लावून जोडत बसले. रात्री दीड वाजता हेडफोनमधून आवाज आला, "अगं, ते मशीन बंद कर आणि आधी जेवून घे!"

सॉफ्टवेअरने माझं ऐकून गणगोत आवरलं असतं, तर हे एका क्लिकमध्ये गेलं असतं.

तेव्हा माझं मत बदललंय. कॅश, टेम्पररी फाइल्स, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःच्या सोयीसाठी केलेला पसारा, त्याने मुकाट आवरावा. पण जे मी तयार केलंय, त्याला हात लावण्याआधी विचारावं. नुसतं 'आर यू शुअर?' नको, त्यावर आपण न वाचताच 'येस' दाबतो. काय काय जाणार, त्याची यादी दाखवा. आई माळ्यावरची वस्तू हातात धरून विचारते ना, "हे तुझंच आहे, टाकू का?" अगदी तसं.

सकाळी आईने विचारलं, "आवरलास का गं लॅपटॉप?"

म्हटलं, "नाही. पण आजी सापडली."