लेस्टरचे शेवटचे आठ दिवस



लेस्टरला लेकीकडे दीड महिना राहून परवा आमगावला परतले. चातुर्मासात प्रवास नको म्हणतात, पण तिला जमेल तेव्हाच जायचे होते. तिथल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जुन्या चर्चच्या इमारतीत जैन सेंटर आहे. 1988 साली प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी सगळे एका छताखाली, आणि रंगीत काचांच्या खिडक्यांत महावीरस्वामींचे जीवन! त्यावर सावकाश लिहीन. आज मनात शेवटचे आठ दिवसच आहेत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात. शनिवारी सूर्य पावणेसहाला मावळला, रविवारी पावणेपाचला. लेक ऑफिसातून येते साडेपाचला. तोवर ती बूट काढून थेट ताटावर बसायची आणि माझा चौविहार कसाबसा सांभाळला जायचा. आता तेही गेले.

सोमवारी चार वाजता मी एकटीच जेवले. सात वाजता ती दोघे जेवली तेव्हा त्यांच्यापाशी नुसती बसून राहिले, पाणीही नाही. मंगळवारी तेच. बुधवारी तिने हातातला घास ताटात ठेवला.

"आई, एवढा आठवडा सोड ना चौविहार. पुन्हा कधी येशील तू?"

"बावीस वर्षांत मोडला नाही गं," एवढेच माझ्या तोंडून निघाले.

ती काही बोलली नाही. भांडी मात्र जरा जास्तच आवाज करत घासली.

रात्री झोप आली नाही. तिचे चुकले कुठे होते? ह्यांचे गुडघे, माझे वय, तिकिटाचे पैसे. बी.कॉम.ची सवय जात नाही, मी बोटांवर मोजत राहिले: तिच्यासोबतची जेवणे उरली किती? पहाटे सामायिकात बसले तरी मन तिथेच. नियम माझा, आणि किंमत ती मोजत होती. तरी तो सोडावा असे काही केल्या वाटेना. ह्याला श्रद्धा म्हणावे की हट्ट, मैत्रिणींनो, मला अजून ठरवता आलेले नाही.

शुक्रवारी ती तीन वाजताच दारात. अर्धी रजा टाकून आली होती. कच्च्या केळीची भाजी, मुगाची डाळ, भात. जावईही लॅपटॉप मिटून आले. साडेचारला आमचे हात धुऊन झाले होते.

मग एवढी लांबलचक रात्र, आणि स्वयंपाकघरात काहीच काम नाही. दहा वाजेपर्यंत बोलत बसलो. दोन वर्षांत फोनवर जे बोलली नव्हती ते ती त्या रात्री बोलली. ते मी इथे लिहिणार नाही.

रविवारी विमानतळावर तिने थेपल्यांचा डबा दिला. "विमान पूर्वेकडे जाते, अंधार लवकर पडेल, बसण्याआधीच खा." खरेच, दोन-अडीच तासांत खिडकी काळी झाली. ट्रे आला तो तसाच परत दिला.

मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसने गोंदिया. हे घ्यायला आले होते. आमगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी धान कापणी चाललेली. घरी पाण्याचे गळणे दोरीवर कडक वाळलेले होते. म्हणजे ह्यांनी पाणी कसे गाळले असेल ते विचारलेच नाही.

काल सव्वापाचला ताटे वाढत होते तर फोन वाजला. तिच्याकडे पावणेबारा, ऑफिसची वेळ.

"आई, जेवलीस का? बघ, सूर्य जायला आला तुझ्याकडे."

फोन ताटाशेजारी ठेवला आणि जेवायला बसले.