बैठकीचं शहर

शिआनला येणारा जो तो आधी लिंतोंगची बस पकडतो. मातीचे सैनिक पाहायचे, फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं पुढच्या गावाला निघायचं. सैनिक पाहावेतच. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला लागलेली ती सेना कितीही वेळा चित्रात पाहिली असली तरी समोर उभी राहिली की छाती दडपते. पण त्या अफाट छपराखाली मी रेंगाळले ते मागच्या अंगाला चाललेल्या कामापाशी. हे शिपाई बहुतेक तुकड्या-तुकड्यांनीच जमिनीतून वर आले. कुणाचा खांदा, कुणाची दोन बोटं, कुणाच्या चिलखताचा कोपरा. ते जुळवत माणसं मान खाली घालून बसलेली असतात, आणि एक शिपाई पायावर उभा राहीपर्यंत महिने उलटतात. रांगेतल्या वीरांपेक्षा मला ही बसलेली माणसंच खरी शिआनची वाटली. शहरात परतल्यावर जिथे तिथे त्यांचेच भाऊबंद भेटत गेले.

शान्शी प्रांताच्या या राजधानीला अजून सबंध कोट आहे. मिंग राजवटीत, १३७० च्या दशकात बांधलेला. उंची सुमारे १२ मीटर, घेर जवळजवळ १४ किलोमीटर, आणि माथा इतका रुंद की भाड्याची सायकल घेऊन सगळ्या गावाला वरच्यावर प्रदक्षिणा घालता येते. आत ठोकून घट्ट केलेली पिवळी माती, बाहेरून करड्या विटा. दक्षिण वेशीवरून पाहिलं तर सरळ रेघेत घंटेचा मनोरा दिसतो, त्याच्या पलीकडे नगारखाना, आणि चौफेर उंच इमारती. एवढा मोठा कोट पाहून वाटतं, हेच ते चांगआन, म्हणजे जुनं शिआन. पण थांग सम्राटांचं चांगआन याच्या सातपट होतं. ५८२ साली युवन काय नावाच्या अधिकाऱ्यानं ते आखलं: ८४ चौरस किलोमीटर, शंभरावर चौकोनी पेठा, प्रत्येक पेठेला स्वतःची भिंत आणि दारं. संध्याकाळी नगारे झडले की पेठांची दारं लागत. आठव्या शतकात दहा लाखांच्या घरात माणूस इथे राहत होता, त्यांत इराणी होते, सोग्डियन व्यापारी होते, आपल्याकडचे भिक्षूही होते.

९०४ साली जू वन नावाच्या सेनापतीनं सम्राटाला लुओयांगला हलवलं आणि राजधानीच मोडून नेली. वाडे उतरवले, तुळया-खांब वेई नदीत सोडले आणि वाहत नेले. माझ्या डोळ्यांपुढून ते दृश्य जात नाही: एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांत गणल्या जाणाऱ्या शहराचं लाकूड पाण्यावर तरंगत चाललंय. मागे राहिली माती, विटा आणि दगड.

त्या दगडांकडे जायच्या आधी जेवणाविषयी सांगायला हवं, कारण या गावाची बैठक मला पहिल्यांदा कळली ती जेवणाच्या टेबलावर. यांगरौ पाओमो हा इथला जीव की प्राण. मागवलं की पुढ्यात नुसता रिकामा वाडगा येतो आणि दोन जाड, अर्धवट भाजलेल्या पांढऱ्या रोट्या. त्या आपण कुस्करायच्या. दुधात भाकरी कुस्करतो तशा भराभर चालत नाहीत. चिमटीनं खुडून हरभऱ्याच्या डाळीएवढा एकेक कण पाडायचा. रोटी चिवट, बोटं दुखून येतात, अर्धा तास सहज जातो. शेजारच्या टेबलावर दोन आजोबा समोरासमोर बसले होते. त्यांचं बोलणं तावातावानं चाललेलं, नजर एकमेकांच्या तोंडाकडे, आणि बोटं मात्र वाडग्यावर न पाहता खुडत होती. पडणारे सगळे कण एकसारखे. मग वाडगा मुदपाकखान्यात जातो. म्हणतात, तुकड्यांचा आकार पाहून आचारी ओळखतो की जेवणारा गावचा की बाहेरचा, आणि त्याप्रमाणे रस्सा घालतो. वाडगा परत येतो तो मटणाच्या रश्शात रटरटून, वर पातळ काप, शेवया, सोबत साखरेत मुरवलेला लसूण. ढवळायचं नाही, कडेकडेनं खात जायचं. हल्ली यंत्रानं कापलेले तुकडेही मिळतात. घेऊ नयेत. तो अर्धा तास हाच या जेवणातला पहिला घास आहे.

नगारखान्यामागच्या ह्वेई मुसलमानांच्या वस्तीत ही खाणावळींची गर्दी, आणि गर्दीच्या पोटात जुनी मशीद. उतरती कौलं, लाकडी कमानी, चौकामागून चौक. पाहणाऱ्याला देऊळच वाटावं. फक्त चिनी देवळं दक्षिणेकडे तोंड करतात आणि हिचा सगळा ओघ पूर्वेकडून पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेनं. नमाजाच्या दालनात लाकडी फळ्यांवर कुराण कोरलेलं आहे, अरबीत आणि चिनीत.

आता दगड. दक्षिण वेशीजवळ कुंचले, शाई आणि कागद विकणाऱ्या गल्लीच्या टोकाला शिलालेखांचं संग्रहालय आहे, १०८७ पासूनचं. सिरियाक परंपरेतल्या ख्रिस्ती पंथाची हकिगत सांगणारा ७८१ चा लेख इथेच आहे. पर्यटक त्याच्यापुढे थांबतात. मी थांबले ती ८३७ साली पुऱ्या झालेल्या ११४ शिळांपाशी. दोन्ही अंगांनी कोरलेली कन्फ्यूशियन परंपरेची बारा शास्त्रं, साडेसहा लाखांवर अक्षरं. छपाई रुळायच्या आधीचा काळ. हातानं उतरवलेल्या पोथ्यांत चुका शिरत. परीक्षेला बसणाऱ्यानं यावं आणि आपली प्रत दगडाशी ताडून पाहावी. राजधानी मोडली, गाव आक्रसलं, तेव्हा या शिळा कोटाबाहेर उघड्यावर पडून राहिल्या. पण टिकल्या.

एका दालनात ठसे घेण्याचं काम चाललं होतं. ओला पातळ कागद शिळेवर बसवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, जरा सुकला की शाईची कापडी पुरचुंडी हलक्या हातानं टिपत जायची. खाचेत शाई पोचत नाही, म्हणून काळ्यावर पांढरं अक्षर उमटतं. शाई जास्त झाली की कागद वाया. ठसा घेणाऱ्या बाईंनी अर्ध्या तासात एकदाही मान वर केली नाही.

आणि मग दक्षिणेकडचा सात मजली विटांचा मनोरा, आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या चिनी भिक्षू युआन श्वांगचा. महाराष्ट्राला तो परका नाही. ६४१ च्या सुमारास तो पुलकेशीच्या राज्यात आला; इथली माणसं मानी, उपकार स्मरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत असं त्यानं लिहून ठेवलं. डोंगरातल्या ज्या विहाराचं तो वर्णन करतो ते अजिंठ्याचं असावं, असं अभ्यासक मानतात. ६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि ते नीट राहावेत म्हणून ६५२ मध्ये हा मनोरा मुळात उभा राहिला. पुढच्या चौकात त्याचा पुतळा आहे, हाती दंड घेऊन उभा असलेला. मला तिथे बसलेला युआन श्वांग हवा होता. प्रवासाला त्याला सोळा-सतरा वर्षं लागली. परतल्यावर मरेपर्यंत एकोणीस वर्षं तो भाषांतराला बसला. संस्कृत ताडून पाहणारा एक, उतरवून घेणारा दुसरा, भाषा सफाईदार करणारा तिसरा, अशी मंडळी भोवती. १३३५ प्रकरणं पुरी झाली. काश्मीरकडच्या पंडितांचा महाविभाषा हा अवाढव्य ग्रंथ मूळ संस्कृतात हरवला. आज तो सबंध वाचायचा तर त्याच्या चिनीतूनच.

म्हणून आपल्याही लोकांना उलट्या बाजूनं बसावं लागलं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले पालीचे पंडित पु. वि. बापट चिनी शिकले. कँटनकडे पाचव्या शतकात झालेलं एका विनयटीकेचं, म्हणजे भिक्षूंच्या नियमांवरच्या भाष्याचं, चिनी भाषांतर त्यांनी हिराकावा या जपानी विद्वानांबरोबर इंग्रजीत आणलं, आणि १९७० साली भांडारकर संस्थेनं ते छापलं. शिआनला जाण्याआधी हे पुस्तक ग्रंथालयात मागून नुसतं चाळावं. त्यातल्या तळटीपा पाहिल्या की दक्षिण वेशीजवळच्या त्या बाईंची मान वर का होत नव्हती ते कळतं.