तारीख कापलेली कात्रणं

पवनीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नावाला झेरॉक्स, कामं सगळी ऑनलाइनची: सातबारा काढून देणं, फॉर्म भरणं, फोटो लहान करून चढवणं. दिवसभर लोकांचे फोन माझ्या हातात असतात. त्यामुळे कोण काय वाचतं, हे न विचारताच कळत जातं.

हल्ली कोणी वाचत नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. रोवणी आटोपून आलेला माणूस बाकावर टेकला की आधी फोन काढतो आणि वाचतोच. पण त्याच्यापुढं असतो तो बहुतेक वेळा मजकुराचा फोटो. पेपरातलं कात्रण, नाहीतर कुठल्यातरी फलकावरची यादी. दोन बोटांनी मोठं करायचं, ओळ संपेपर्यंत सरकवायचं, पुढच्या ओळीसाठी परत मागं यायचं. या सवयीमागं कारण आहे. वर्षानुवर्षं आपल्याकडं कृतिदेव, श्रीलिपी असल्या फाँटांत टायपिंग झालं. तो मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की भलतीच अक्षरं उमटायची. त्यापेक्षा फोटो बरा. आता फोनवर युनिकोड आहे, बोलूनही मराठी टाइप होतं, पण फोटोची सवय काही गेली नाही.

कात्रण कापताना सगळ्यात आधी पानाची वरची पट्टी जाते, आणि तारीख नेमकी तिथंच असते.

पावसाळ्यात याचा त्रास फार. आमच्या तालुक्यातच गोसीखुर्द धरण आहे, ३३ दरवाज्यांचं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्यानं वैनगंगा फुगली, भंडारा शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरलं. तेव्हाची कात्रणं अजून जोराचा पाऊस झाला की ग्रुपवर निघतात. जुलैतल्या एका संध्याकाळी एक काकाजी घाबरेघुबरे दुकानात आले. "सारे दरवाजे उघडले म्हणते जी. लेक वडशाले हाय, तिले फोन करू का?"

त्यांची काळजी रास्त होती. गोसीचे दरवाजे उघडले की पाणी खाली ब्रह्मपुरी, वडशाकडं जातं. आणि दरवाजे किती उघडायचे, ते वरून किती येतंय त्यावर ठरतं. मी कात्रण मोठं केलं. तारीख नव्हतीच, पण उजव्या कडेला जाहिरातीचा अर्धा तुकडा राहून गेला होता: पोळ्यानिमित्त फ्रिजवर सूट. पोळ्याला तर अजून अवकाश होता. मग केंद्रीय जल आयोगाच्या पूर-अंदाजाच्या संकेतस्थळावर भंडाऱ्याजवळची वैनगंगेची पातळी काढून दाखवली. तिथं आकड्याशेजारी दिवस आणि तास दोन्ही लिहिलेले असतात. काकाजी ते वाचून म्हणाले, "असं पायजे. कधीचं हाय ते त समजते."

व्हॉट्सॲप मात्र फसवतं. मेसेजखाली वेळ दिसते ती तो तुम्हाला पाठवल्याची. वर्षं उलटून गेलेली बातमीही 'आज, ६.४०' असा ताजा शिक्का घेऊन येते. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही खूण २०१९ पासून आली, तिच्यावरून हात किती बदलले याचा अंदाज येतो, पण बातमी कधीची ते कळत नाही.

धानाच्या हंगामात तर थेट पैशाशी गाठ असते. साधारण धानाचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलमागं २,३०० रुपये होता, २०२५-२६ ला २,३६९ झाला. दोन्ही भावांची कात्रणं एकाच फोनमध्ये मिळतात. त्याहून वाईट 'नोंदणीला मुदतवाढ'. ही बातमी अशी की मथळ्याचे शब्दही पुन्हा तेच असतात. मागल्या साली एक पोरगा असलंच जुनं कात्रण पाहून निवांत राहिला. सातबारा घ्यायला आला तेव्हा खरेदी केंद्रावरची नोंदणी बंद झाली होती, आणि धान पडत्या भावानं व्यापाऱ्याला द्यावं लागलं. त्याला वाचता येत नव्हतं असं नाही, चांगला बारावी झालेला आहे. पण शाळेत बातमीचा अर्थ विचारतात, बातमी कधीची हे कोणी विचारत नाही.

दुकानातून यादी किंवा सूचना पाठवायची झाली की मी आता पूर्ण पानाचा फोटो घेतो, आणि खाली तारीख टाइप करतो. काहीजण कुरकुरतात, "अक्षर बारीक दिसते जी." दिसू दे. अक्षर बोटांनी मोठं करता येतं.