वारुळाचा पत्ता

चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या सत्तरीत शिरलो तेव्हा आषाढातल्या पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. मी निघालो होतो वाळपईच्या बाजाराला, वारुळावरची अळमी ताजी पाहायला. वाळवलेले नमुने पाहून झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कवकतज्ज्ञ आजरेकरांच्या नावाने कवकांचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहात अळमी आक्रसते, रंग टाकते. बोलते ती पाकिटावरची चिठ्ठी. कुठे, कधी, कुणाला, कशावर उगवलेली मिळाली. यातलं 'कशावर' सगळ्यात मोलाचं, आणि तेच चिठ्ठीवर पुष्कळदा 'जमिनीवर' एवढ्यावर भागवलेलं असतं.

रस्त्याकडेला एक मावशी पानांवर अळमी मांडून बसल्या होत्या. बहुतेक कळ्याच, टोकदार. दांडा मुळासारखा निमुळता होत गेलेला आणि खाली तुटलेला. "उरलेलं रोयणीत," त्या म्हणाल्या. रोयण म्हणजे वारूळ. सत्तरीत सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते, त्यामुळे ते कुणी फोडत नाही.

त्यांच्या मुलाने मला रानात नेलं. तिथली माती मऊ, आणि तीतून पांढुरकी टोकं वर आलेली. खाली वाळवी पालापाचोळा खाऊन विष्ठेच्या गोळ्यांची पोळी रचते, त्यावर हे कवक वाढतं, लाकडातला कठीण भाग मोडतं आणि वाळवीचं पोट भरतं. पावसाळ्यात तेच लांब दांडा वर पाठवतं. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम (Heim) यांनी १९४२ साली या कवकांना टर्मिटोमायसिस ही वेगळी प्रजाती दिली. त्यातली हायमी ही जात १९७९ साली भारतातूनच नोंदली गेली, ती एम यांच्याच नावाने. एक टोक मी हाताने माती सारत मोकळं करत गेलो. दांडा खाली जातच राहिला, पण वारुळाला धक्का लागेल म्हणून थांबलो. मुळासकट नमुना नसेल तर वारुळाशी असलेलं नातं चिठ्ठीत लिहिलंच पाहिजे, हे मला तिथे पटलं.

मुलगा पुढे सरकला होता. तो उमललेल्या छत्र्या सोडून कळ्याच खुडत होता, कारण बाजारात भाव कळीला. मला ते खुपलं. छत्री उमलल्याशिवाय बीजाणू झडत नाहीत, आणि वाळवीची नवी वसाहत आपलं कवक बहुधा या बाहेरच्या बीजाणूंतूनच मिळवते. मी त्याला तसं सांगितलं. "मग थोड्या ठेवतो," तो म्हणाला आणि पलीकडच्या कळ्यांना त्याने हात लावला नाही.